शेवटच्या एकांकिकेला उरलेली खुर्ची

"टाळ्या ऐकून भुलू नकोस गं. कोण कधी उठतं, तेवढं बघत जा."

या सभागृहात आले त्या पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या वेताच्या खुर्चीने मला हे सांगितलं होतं. आम्ही सगळ्या तिला वेताची आत्या म्हणायचो. तिचं विणकाम मधोमध खचलेलं होतं आणि जिभेला हाड नव्हतं. माझ्या अंगाला अजून पॉलिशचा वास येत होता. मला वाटलं, म्हातारपणी जग वाकडंच दिसत असणार. मी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं आणि स्टेजकडे तोंड करून ताठ उभी राहिले.

मित्रांनो, मी एक जुनी, घडीची, लाकडी खुर्ची आहे. सध्या माझा मुक्काम जिन्याखाली असतो. एका बाजूला फुटकी बादली, दुसऱ्या बाजूला झाडू. पण मी काही कायमची इथली नाही.

एका अरुंद गल्लीतल्या सुताराने मला घडवलं. रंधा मारताना तो शीळ घालायचा. खुर्ची तयार झाली की बायकोला हाक मारायचा, कारण पहिलं बसणं तिचं. ती माझ्यावर बसली, जरा हलली आणि म्हणाली, "अहो, ही कुरकुरते."

"कुरकुरू दे. बसणाऱ्याला डुलकी लागायची नाही."

"तुमचं काय, चूक झाली की तिचाच गुण करता!"

त्या कुरकुरीसकट मी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या या सभागृहात आले. माझी जागा ठरली तिसऱ्या रांगेत, अगदी कडेला. कडेच्या खुर्चीला माणसं चांगली कळतात. ज्याला लवकर सटकायचं असतं, तो बरोबर कडेलाच बसतो.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी इथे चार नव्या एकांकिका व्हायच्या. नव्या म्हणजे कोऱ्या करकरीत, आधी कुणी न पाहिलेल्या. लिहिणारेही आजचे. कुणी बँकेत नोकरी करणारा, कुणी शाळेत विज्ञान शिकवणारी. प्रत्येकाला अर्धा तास. नेपथ्य म्हणाल तर एक टेबल, दोन स्टुलं आणि लाइटवाल्या काकांचे चार दिवे. तेवढ्यात काय काय उभं राहायचं! लिफ्ट दुरुस्त करणारे दोन भाऊ त्याच लिफ्टमध्ये अडकले आणि त्यांचं वर्षानुवर्षांचं भांडण वर येईना की खाली जाईना. एका बाप्याने लेकीला फोन करायची तालीम आरशासमोर केली आणि शेवटी फोन लागला तेव्हा नुसतं "जेवलीस का?" एवढंच विचारलं. मला तर त्या बाप्याच्या पाठीशी जाऊन उभं राहावंसं वाटलं होतं.

मित्रांनो, नव्या नाटकाची गंमत वेगळी असते. जुन्या गाजलेल्या नाटकाला माणसं कुठे हसायचं, कुठे डोळे पुसायचे हे घरूनच ठरवून येतात. नव्या नाटकात पहिलं हसणारा माणूस अगदी एकटा असतो. आपण हसलो आणि दुसरं कुणीच हसलं नाही तर? त्याला धीर लागतो. आणि नाटक संपल्यावर काय वाटलं ते सांगायला तर त्याहून जास्त, कारण आधी कुणी सांगून ठेवलेलं नसतं. आपले शब्द आपल्यालाच शोधावे लागतात.

असे शब्द शोधणारी एकच बाई मी पाहिली. ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या कडेवर तीनचार महिन्यांचं बाळ होतं. बाळ रडलं तर चटकन बाहेर जाता यावं म्हणून तिने कडेची खुर्ची निवडली. मी मनात म्हटलं, ही पहिल्या एकांकिकेलाच जाणार. तिने बाळाचं दुपटं माझ्या पाठीवर टाकलं, बाळाला मांडीवर आडवं घेतलं आणि शेवटपर्यंत बसली. पुढच्या महिन्यातही आली. त्याच्या पुढच्याही. तिचं नाव कुणी विचारलं नाही. सगळे तिला दुपटेवाली म्हणायला लागले.

ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करायची. हात हलका आणि नजर बारीक. नाटक बघताबघता तिचं बोट सारखं बाळाच्या नाकापाशी जायचं. श्वास लागतोय ना? लागतोय. मग पुन्हा स्टेजकडे. पुन्हा बोट. पण एवढ्या धास्तीतही पहिलं हसू तिचंच असायचं, खुदकन आलेलं. मग धीर येऊन बाकीचे हसायचे.

आणि नाटक संपल्यावर ती लेखकाला गाठायची. एका चष्मेवाल्या लेखकाची एकांकिका झाली होती. त्यातली म्हातारी रोज चपलांच्या दुकानात एकच चप्पल घेऊन येते आणि म्हणते, हिची जोडीदारीण द्या. सगळे त्याला "छान, छान" म्हणून खाली चहाला गेले. दुपटेवाली थांबली.

"एक विचारू? शेवटी दुकानदार स्वतःच्या पायातली काढून देतो, तेव्हा म्हातारी ती घेत नाही. का नाही घेत?"

"का नाही, तुम्हाला काय वाटतं?"

"तिला चप्पल नकोच आहे. रोज कुणीतरी तिला 'उद्या या' म्हणतंय ना, ते हवंय. घेतली तर उद्या यायचं कशाला?"

चष्मेवाला म्हणाला, "अहो, हे लिहिताना मलासुद्धा कळलं नव्हतं." त्या आठवड्यात त्याने पुढची एकांकिका लिहायला घेतली. हे त्यानेच नंतर चारचौघांत सांगितलं, पण कुणामुळे ते सांगायचं राहून गेलं.

आता इथली रीत सांगते. चार एकांकिकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरायचा. प्रत्येक लेखकाची माणसं त्याच्यासाठी यायची. मावश्या, काका, ऑफिसमधले, शेजारचे. "आमच्या छोटूचं झालं की निघू हं," असं आत शिरतानाच एकमेकांना सांगायची. पहिली एकांकिका संपली की पहिला घोळका उठायचा. खाली चहा, फोटो, हार. दुसरी संपली की दुसरा. आपल्या माणसाचं नाटक पाहिलं म्हणजे नाटक पाहिलं, असा या भल्या माणसांचा समज होता. चौथीची पाळी येईपर्यंत तिच्या लेखकाची दोनचार माणसं आणि आम्ही खुर्च्याच उरायचो. शिवाय संयोजकांना किल्ल्या वेळेत द्यायच्या असत. म्हणून चौथी चालू असतानाच शिपाई मागच्या रांगा मिटायला घ्यायचा. खट, खट, खट. "मागचं मागे आवरतोय, स्टेजला काही त्रास नाही," असं संयोजक म्हणायचे. ते कधी स्टेजवर उभे राहिलेच नव्हते.

एका शनिवारी लाइटवाल्या काकांनी वायर गुंडाळता गुंडाळता दुपटेवालीला विचारलं, "तुम्ही स्वतः लिहिता का काही?"

"लिहिते. बाळ झोपलं की. अर्धं पान."

"अर्ध्या पानाची एकांकिका?"

"लगेच जागं होतं हो!"

दोघंही हसले. पण ती अर्धी अर्धी पानं साठत गेली. लॅबमधल्या दोन मैत्रिणी काम करायला तयार झाल्या. मग चिठ्ठ्या पडल्या आणि तिची एकांकिका चौथी आली.

त्या संध्याकाळी ती माझ्यावर बसायला आली नाही. आली, सवयीने दुपटं माझ्या पाठीवर टाकलं आणि लगेच उचलून घेऊन गेली. पुढच्या रांगेत तिचा नवरा बसला होता आणि सासूबाई बाळाला घेऊन. तिसरी एकांकिका संपली. नेहमीसारखा घोळका उठला. आधीचे दोन लेखक त्यांच्यात होते. त्यांच्या एकेका वाक्यावर ती किती बोलली होती! चष्मेवाला मात्र आला आणि नेमका माझ्यावर टेकला. मला बरं वाटलं. आत्याकडे बघून मी जरा तोऱ्यानेच कुरकुरले.

दिवे आले. दवाखान्यातली बाहेरची जागा. दोन बाया, दोन स्टुलं. एकीच्या मांडीवर बाळ. ते बाळ म्हणजे गुंडाळलेलं दुपटं. मी ते ओळखलं, माझ्या पाठीला त्याची ऊब अजून होती. ती आई बोलता बोलता सारखं बोट बाळाच्या नाकापाशी नेते. शेजारची अनोळखी बाई पेपर वाचत असते, पण तिच्या सगळं लक्षात येतं. आई किती दिवस झोपली नाही, कुणाला सांगत नाही, सगळ्यांना "मी मजेत" म्हणते. विनोद होते. पहिलं हसणारं कुणी नव्हतं. हसणारी तर विंगेत उभी होती, पदर मुठीत धरून.

इतक्यात खरं बाळ रडायला लागलं. सासूबाई त्याला घेऊन बाहेर गेल्या. थोड्या वेळाने दारातून दबक्या आवाजात हाक आली, "अरे, बाटली कुठल्या पिशवीत आहे? ये ना जरा!" नवरा एकदा स्टेजकडे बघत, एकदा दाराकडे बघत उठला आणि वाकून वाकून गेला.

आणि मग चष्मेवाल्याच्या खिशात फोन थरथरला.

मित्रांनो, माझ्या पाठीचा एक खिळा तेव्हा जरा वर आला होता. तो उठायला लागला तसा मी त्याचा शर्ट धरला. होता नव्हता तेवढा जोर लावून धरला. अरे बाबा, थोडंच राहिलंय, थांब. तो वळला, "च्यायला ही खुर्ची!" म्हणाला आणि हिसडा देऊन गेला. शर्ट टर्रकन फाटला.

स्टेजवर शेवट आला. पेपरवाली बाई उठते, आईजवळ येते, तिच्याच नाकापाशी बोट धरते आणि म्हणते,

"बाळ श्वास घेतंय हो. तुम्ही घेताय का?"

खट. खट. खट.

मागच्या रांगा मिटत होत्या. ते वाक्य आमच्याच अंगांच्या आवाजात बुडालं. लाइटवाल्या काकांनी ठरल्यापेक्षा जास्त वेळ दिवा धरून ठेवला. ते स्टेजच्या अगदी जवळ होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं, ऐकलंही होतं. मग त्यांनी अंधार केला, डोळे पुसले आणि वायरी गुंडाळायला घेतल्या. लेखकांशी आपण काय बोलणार, कुणी ना कुणी सांगेलच तिला, असं त्यांना वाटलं. सांगायला कुणी उरलंच नव्हतं.

नंतर सगळे वर आले. "छान झालं हं!" "मस्तच!" चष्मेवाला फाटका शर्ट चाचपत म्हणाला, "आणि शेवट! शेवट तर काय सुंदर!"

"शेवटचं वाक्य कसं वाटलं?" तिने विचारलं. साधंच विचारलं.

"अगदी... भिडलं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ती विंगेत होती. कोण कधी उठलं, हे बाळावर ठेवतात तशा नजरेने तिने पाहिलं होतं. "थँक्यू," म्हणाली.

नवरा बाळाला खांद्यावर थोपटत आला. "चांगलं चाललं होतं गं. माझा शेवट हुकला. घरी गेल्यावर सांग ना."

"सांगते," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

पुढच्या महिन्यातल्या शनिवारी ती आली. बाळाचं दुपटं माझ्या पाठीवर टाकून माझ्यावर बसली. स्टेजवर काहीतरी गमतीचं झालं, मी वाट पाहिली. ती हसली नाही. तिसरी एकांकिका संपली, दिवे लागले, घोळका उठला. चौथी एका विशीतल्या मुलीची होती, पहिलीच. ती पोरगी पडद्याच्या फटीतून खुर्च्या बघत होती. दुपटेवालीने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग दुपटं ओढून घेतलं, त्याची नीट घडी घातली आणि उठली.

कोण कधी उठतं ते बघत जा, असं आत्याने सांगितलं होतं. दुपटेवाली उठली ते आम्ही दोघींनी पाहिलं, आणि फटीतून त्या पोरीनेही.

फाटक्या शर्टाची तक्रार झाली होतीच. "ही काढा, कुणाला तरी लागेल," संयोजक म्हणाले. एक खिळा ठोकायला किती वेळ लागतो? पण ठोकण्यापेक्षा उचलून ठेवणं सोपं. तेव्हापासून मी जिन्याखाली आहे. आता मला नाटक दिसत नाही. माझ्या डोक्यावरून पाय जातात, तेवढेच. शनिवारी पहिला घोळका उतरतो, मग दुसरा, मग तिसरा. पावलं मला पाठ आहेत. तिचं पाऊल मी ओळखते, उजव्या बाजूला जरा जड, कारण बाळ त्या कडेवर. ते पाऊल पुन्हा वर चढलेलं नाही. बाळ आता चालत असेल. अर्धी पानं लिहिली जात असतील का, मला माहीत नाही. बाळ झोपल्यावर ती नुसती छताकडे बघत बसत असेल, असं मला उगाच वाटतं आणि भीती वाटते.

मित्रांनो, माझा खिळा ठोकला नाही तरी चालेल. मला पॉलिशही नको. नवं नाटक बघायला गेलात तर आपल्या माणसाच्या नाटकानंतरही बसा. शेवटचं वाक्य ऐका. ऐकलं नसेल तर "ऐकलं नाही" म्हणा, पण "भिडलं" म्हणू नका.

आणि अजून एक काम करा. तुमच्या जवळच्या लॅबमध्ये रक्त द्यायला गेलात आणि एखादी हलक्या हाताची बाई तुम्हाला म्हणाली, "वर बघा, झालंच," तर वर बघू नका. तिच्याकडे बघा. डोळ्यांखाली काळं आलंय का ते बघा. काय लिहिताय सध्या, असं विचारा. ती "कुठलं लिहिणं हो, मी मजेत" म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. जरा थांबा आणि विचारा, तुम्ही श्वास घेताय का?