बारावा रेझर

"वस्तरा लावायचा न्हाई!"

घरणी नदीच्या काठी, डोकी भिजवून दहाव्याला बसलेले अकरा जण एकदम वळले. उतरणीवरून तुळजाबाई येत होती. दहावा तिच्याच नवऱ्याचा, अण्णारावचा. आणि तिच्या मुठीत पिवळ्या प्लास्टिकचे रेझर, लग्नात गजरे वाटायला आणावेत तसे.

"वयनी, बायांनी हितं यायचं नसतं," धाकटा दीर व्यंकटी म्हणाला.

"हाव, ठाऊक हाय. डोक्याला एक रेझर, भाऊजी. एकाचा दुसऱ्याला न्हाई."

सुदर्शन न्हाव्यानं एक रेझर उलटसुलट पाहिला. "काकू, ह्यानं गाल होतो. डोकं न्हाई."

"आधी कात्री चालव."

अण्णारावला हिपॅटायटिस बी निघाला, तेव्हा लातूरच्या डॉक्टरनं तिला बसवून सांगितलं होतं : हा थाळीनं लागत नाही, रक्तानं लागतो. सुई, ब्लेड. मुळातून जात नाही, पण रोजच्या गोळीनं काबूत राहतो, माणूस म्हातारा होतो. बरं वाटलं म्हणून गोळी तोडायची नाही. भावांचं रक्त तपासा, ज्यांना नसेल त्यांना लस द्या.

भावांनी तपासणी सोडून सगळं केलं. अण्णारावची थाळी गोठ्यात मांडली. तीन वर्षं तो म्हशीशेजारी जेवला. म्हशीला काही झालं नाही. पण म्हशीचं कोण ऐकतो? पुढं अण्णारावही सोयाबीनची पोती उचलू लागला, तेव्हा व्यंकटीच म्हणाला, "धडधाकट माणसाला गोळी कशाला, दादा?" दादानं ऐकलं. गोळ्यांची पाकिटं गोठ्याच्या आढ्यात खोचत गेला. तुळजाबाईला ती सापडली, तोवर त्याचे डोळे हळदीसारखे आणि पोट घागरीएवढं झालं होतं.

"आमाला काय रोग हाय का?" व्यंकटी तडकला. "भावकीत इज्जत घालवताव तुमी!"

"कुणाला हाय, कुणाला न्हाई, बघून कळत न्हाई भाऊजी. तुमच्या दादाचं कळलं व्हतं का?" तिचा आवाज खाली आला. "मामंजींच्या दहाव्याला एकाच वस्तऱ्याखाली बसलावता समदे. ह्येबी बसले व्हते."

नदीत म्हशी डुंबत होत्या, तिकडं व्यंकटी बघत राहिला. मग ज्यानं भावाची थाळी गोठ्यात नेली होती, त्या व्यंकटीनंच पहिलं डोकं पुढं केलं.

"उद्या रक्त तपासाया जाऊ, वयनी," मान खाली ठेवूनच तो म्हणाला.

दुपार कलली तेव्हा अकरावं डोकं झालं. सुदर्शनच्या हातात एक कोरा रेझर उरला.

"काकू, मोजायला चुकलात. एक जास्तीचा आणला."

तुळजाबाईनं तो घेतला, पदराच्या टोकाला बांधला.

"मामंजींच्या वक्ताला बारा डोकी व्हती रं."