पुढचं आसन

नवसाबाईंनी फ्रिजचं हँडल सोडलं. डावा पाय जमिनीवर, उजवा समोर उचललेला, त्याचा अंगठा हातात घट्ट धरलेला, आणि काय सांगावं, त्या पडल्या नाहीत!

"आई, काय चाललंय?" भारत दूध घ्यायला आत आला होता.

"बोलू नको. पडंन मी."

पण नाहीच पडल्या. साठी ओलांडलेली बाई भल्या सकाळी स्वयंपाकघरात एका पायावर उभी! लेकाला मिठी मारावी की देवापुढे साखर ठेवावी, त्यांना कळेना.

"प्रतिभाला सांगशील तर बघ," त्यांनी दम भरला आणि चटई काखोटीला मारून त्या निघाल्या.

प्रतिभा म्हणजे भारतची बायको. मखमलाबाद रोडवरच्या एका हॉलमध्ये ती अष्टांग योग शिकवायची. तिथला नियम कडक. हातातलं आसन श्वासासकट नीट बसलं, की मगच पुढचं मिळणार. नवसाबाई उन्हाळ्यापासून एकाच आसनावर अडकल्या होत्या. पाय फाकवून उभं राहायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि पुढच्या गुडघ्याकडे वाकायचं. बस्स, तेवढंच. आणि दिवाळीनंतर आलेल्या संध्याला काल पुढचं, एका पायावरचं, मिळालं! तेव्हापासून नवसाबाईंचा नुसता जळफळाट चालला होता. सून मुद्दाम अडवतेय, दुसरं काय!

हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. जो तो आपापल्या आसनात, ऐकू यायचे ते फक्त श्वास. नवसाबाईंनी आपलं नेहमीचं भराभरा उरकलं, आणि थांबायचं तिथे काही त्या थांबल्या नाहीत. पाय उचलला. अंगठा पकडला. राहिल्या की उभ्या!

"अगं बाई, काकू!" संध्या ओरडलीच. टाळ्या पडल्या.

प्रतिभा समोर येऊन उभी राहिली.

"छान, आई. उद्यापासून हेही करा."

झालं! मारली बाजी! पाय खाली टेकवता टेकवता नवसाबाईंनी ऐटीत सुनेकडे पाहिलं, आणि त्यांची ऐट तिथल्या तिथे उतरली. घरी भाजी खारट झाली की 'छान झालीय, आई' म्हणताना प्रतिभाचा चेहरा असाच असायचा.

त्यांनी तिला दंडाला धरून बाजूला नेलं.

"खरं सांग. संध्याला असं दिलं असतंस?"

प्रतिभा घुटमळली. "नसतं दिलं."

"का बरं?"

"तुम्ही श्वासच घेत नव्हतात, आई. गाल फुगवून उभ्या होतात."

"आन् आधीचं? ते तरी जमतंय का मला?"

"अजून नाही."

"मंग मला कशापायी दिलं?"

प्रतिभाने मान खाली घातली. "एका घरात राहायचंय ना आपल्याला."

नवसाबाईंना खरं तर राग यायला हवा होता. पण जीव कसा हलका झाला. पोरगी इतके महिने मुद्दाम अडवत नव्हती, खरं तेच बोलत होती, आणि आज खोटं बोलली ती त्यांच्या धाकाने.

"मंग दिलेलं परत घे," त्या म्हणाल्या. "माझं जुनंच बघ. पर नीट बघ. सासूबिसू घरी."

त्या चटईवर गेल्या, पाय फाकवले, हात पाठीमागे बांधले. प्रतिभा मागून आली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने सासूच्या अंगाला हात लावला. दोन्ही खांदे असे मागे खेचले की नवसाबाईंच्या तोंडून "आई गं!" निघालं.

"खांदे पाडू नका. आणि श्वास कुठंय तुमचा?"

इतक्या करड्या आवाजात सून आजवर कधी बोलली नव्हती.

"घेते गं, घेते," म्हणत नवसाबाई गुडघ्याकडे वाकल्या. तोंड खाली होतं, कुणाला दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी मनसोक्त हसून घेतलं.