सुरा मी टाकला

अठरा वर्षं रियाधमध्ये नर्स आहे मी. कापणारी, टोचणारी वस्तू उघड्यावर राहू द्यायची नाही, हे हाताला इतकं बसलंय की घरात ब्लेड दिसलं तरी आधी उचलून कागदात गुंडाळते. त्या जळल्या सवयीनंच घात केला. घात झाला तो मात्र दुसरीचा.

इथल्या बत्हा बाजारात मेहनाजचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान. हैदराबादची, तोंडानं फटकळ, मनानं साफ. त्या दुपारी माझ्या मुलीचा, तन्वीचा, ड्रेस घेऊन दुकानातून बाहेर पडले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एकानं मला भिंतीला दाबलं, गळ्याशी सुरा धरला आणि बांगड्या ओरबाडायला लागला.

मेहनाज कापड कापायची मोठी कात्री घेऊन धावली. "छोड सिस्टर को!" त्यानं तिच्यावर सुरा उगारला, तशी तिनं त्याच्या दंडात कात्री खुपसली. सुरा पडला, पाठोपाठ तोही.

रक्त भळाभळा वाहत होतं. मी स्कार्फनं त्याचा दंड आवळला. पायाशी पडलेला सुरा कुणाला लागायला नको म्हणून कागदात गुंडाळला आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकून आले. मेहनाज तेव्हा पोलिसांना फोन करत होती. लोक जमले ते नंतर.

पोलीस आले तेव्हा हत्यार एकच होतं, मेहनाजची कात्री. चोर कळवळून सांगत होता, "मी नुसता रस्त्यानं चाललो होतो."

पिंप दहा पावलांवर होतं. बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण मी आधी नवऱ्याला फोन लावला. सत्यजित म्हणाला, "अगं, पुरावा तू फेकलास? गप्प बस. तुझ्यावरच केस झाली तर इकामा जाईल, देश सोडावा लागेल. तन्वीची दहावी आहे." मला हेच ऐकायचं होतं, म्हणून तर फोन केला.

"मी नंतर आले. जखम बांधली, बस," मी पोलिसाला सांगितलं.

"सिस्टर, चाकू था ना?" मेहनाजनं विचारलं. मी तन्वीच्या ड्रेसची घडी घालायला लागले. तिला गाडीत घालून नेलं.

दहा दिवसांनी तिची बहीण सकिना हॉस्पिटलात आली. मेहनाज अजून कोठडीत होती. "आपा बोले, सिस्टर घाबरे हो गए होंगे. अब ठंडे दिमाग से याद करो. चाकू देखे थे क्या?"

तिथं पोलीस नव्हते, नवराही नव्हता.

"नहीं देखा," मी म्हणाले.

तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "कोई बात नहीं. आप उसका खून रोके. वो मर जाता तो आपा पे कतल लगता. अल्ला आपको खुश रखे."

मी हात सोडवूनही घेतले नाहीत.