यमुताईंचे गहू

यमुताईंच्या घरात कधी काही संपलं, असं नागपूरच्या जुन्या शुक्रवारीतल्या आमच्या बोळात कोणी ऐकलं नव्हतं. अवेळी पाहुणे येवोत, बाजार बंद पडो, रॉकेलसाठी रांगा लागोत, यमुताईंनी डबा उघडला की हवी ती वस्तू त्यात असायचीच. होळी झाली की त्यांच्या अंगणात खाटा पडत आणि त्यांवर कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या वाळत. बोळातल्या बाकीच्या बायकांनी काय कधी करावं, हेही त्याच ठरवत. कोणी विचारलं नाही तरी ठरवत. मला त्यांच्या या हुकमतीचा राग यायचा, पण घरातलं मीठ संपलं की वाटी घेऊन मी त्यांच्याच दारात उभी राहायचे.

बहात्तर सालानं मात्र त्यांचं नाक कापलं. पावसानं दगा दिला आणि नेमके त्याच वर्षी त्यांच्या कोठीतल्या गव्हाला सोंडे लागले. चाळले, पाखडले, ऊन दाखवलं, तरी दिवाळीपर्यंत निम्म्या गव्हाचा भुसा झाला. मग रेशनच्या रांगेत उभं राहून त्यांना ती लाल मिलो ज्वारी आणावी लागली. पिशवी पदराखाली झाकून त्या बोळात शिरल्या, ते मी पाहिलं आहे. नवरा बाबाराव, दोन वाढत्या वयाची मुलं, सगळे त्या भाकरीवरून उठून जायचे. पुढच्या वर्षी काही झालं तरी आपले गहू वाचलेच पाहिजेत, हे यमुताईंनी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात बाबारावांनी लकडगंजातून गव्हाचे कट्टे आणले, सोबत किडे मारायच्या नव्या गोळ्याही. कडुनिंबाच्या पाल्यावर यमुताईंचा भरवसा उरला नव्हता. दुकानदारानं बजावून सांगितलं होतं, की गोळ्या कोठीत टाकल्या की झाकण लिंपून घ्या, मुदत संपेपर्यंत उघडू नका, आणि त्या खोलीत जनावरसुद्धा ठेवू नका. गोळ्यांतून जी हवा सुटते, तिनं माणूस मरतो.

यमुताईंनी सगळं शब्दाबरहुकूम केलं. मधल्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीचं झाकण शेणमातीनं लिंपलं. मुलांच्या वळकट्या पुढच्या खोलीत हलवल्या. कोठीवर झोपणारी मांजर हाकलली. खोलीचं दार लावून घेतलं आणि त्याच्या फटींत जुन्या धोतराच्या चिंध्या ठासून भरल्या. आपल्या घरातल्या एकाही जिवाला त्या हवेचा वाराही लागू नये, याची त्यांनी डोळ्यात तेल घालून काळजी घेतली.

पण त्या खोलीची पलीकडची भिंत छपराच्या कवेलूंपर्यंत पोचलेली नव्हती. माणसाच्या डोक्याहून जराशी वर जाऊन ती थांबत होती आणि त्यावर सगळं मोकळं होतं. भिंतीपलीकडे त्यांचे भाडेकरू राहत. गिरणीत जाणारा रामाजी, त्याची बायको रुख्मिणी आणि त्यांची सहा-सात महिन्यांची बेबी. कळमेश्वराकडची माणसं, गरीब आणि ऐकणारी. भिंतीवरून एकमेकांच्या फोडणीचा ठसका यायचा-जायचा, रामाजीचं घोरणं यायचं, स्टुलावर चढून यमुताई लोणच्याची वाटी पलीकडे द्यायच्या. बेबीच्या अंगावर घामोळं उठलं तेव्हा पाळणा याच भिंतीशी ठेव, इथं गार राहते, असा सल्लाही त्यांनीच दिला होता. रुख्मिणीनं तो ऐकला. दुपारी खिडकीला खसाची ताटी लावायची, तिच्यावर पाणी मारायचं, दार लोटायचं आणि बेबीजवळ पडायचं, असा तिचा क्रम होता. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दार उघडं ठेवणार तरी कोण?

त्या उन्हात कोठीचं लिंपण तडकलं. ते कोणी पाहिलं नाही, कारण त्या खोलीत कोणी जायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर रुख्मिणी यमुताईंना म्हणाली, "काकू, तुमच्याकडं उंदीर मेला का वं? सडक्या लसणावानी वास येऊन राहिला. माहं डोकं फुटून राहिलं, अन् बेबी दूध टाकून राहिली."

"गव्हातलं औषध आहे ते," यमुताई म्हणाल्या. "दोन दिवस येईन वास, मंग जाईन. तुले ऊन लागलं असन."

मी बादली धरून तिथेच होते. त्या आत गेल्या आणि लगेच कैरीच्या पन्ह्याचा तांब्या भरून तिच्या दारात ठेवून आल्या. घरात तयार होतंच. त्या पन्ह्याचा मला आजही संताप येतो.

आत काय झालं, ते खूप वर्षांनी, यमुताई गेल्यावर, बाबारावांनी मला सांगितलं. वासाचं ऐकून ते घाबरले होते. कोठी अंगणात काढू, असं त्यांनी म्हटलं. कोठी हलवली की लिंपण फुटेल, औषध उडून जाईल, पुन्हा सोंडे लागतील आणि पुन्हा त्या रांगेत मीच उभी राहीन, असं यमुताईंनी ऐकवलं. आणि एवढी भिंत मध्ये असताना पलीकडे काय होणार आहे, असंही म्हणाल्या. बाबारावांनी कोठीला हात लावला नाही. आयुष्यभर ते असंच त्यांचं ऐकत आले होते.

त्याच दुपारी रुख्मिणीची किंकाळी आली. मी धावत गेले. ती उंबऱ्यात ओकत बसली होती, उठायचंही त्राण नव्हतं. आत ताटीचा गारवा होता आणि तो वास होता. पाळण्यात बेबी निजल्यासारखी होती. मी तिला उचललं आणि तिची मान माझ्या हातावरून खाली पडली.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. त्या वर्षी उन्हानं बरीच माणसं दगावली होती, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. संध्याकाळी रामाजी ते एवढंसं गाठोडं छातीशी धरून घाटावर गेला. आल्यावर भिंतीशी बसून राहिला.

बाबाराव बायकोला म्हणाले, की आपण त्यांना सांगायला पाहिजे.

"सांगून पोर वापस येते का?" यमुताईंनी विचारलं. पण त्या रात्रीपासून त्यांची झोप गेली ती गेलीच, असं बाबाराव म्हणाले.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच जेवण पोचवायचं असतं. बोळातल्या प्रत्येक घरानं वार वाटून घेतले. यमुताईंची पाळी आली तोवर गोळ्यांची मुदत संपली होती आणि त्यांचे उरलेसुरले जुने गहूही संपले होते. त्यांनी दाराच्या चिंध्या काढल्या, खोलीला वारा दिला आणि लिंपण फोडलं. गहू लख्ख होते. त्यांत एकही सोंडा नव्हता. त्यांनी ते उन्हात घातले, निवडले, दळून आणले.

त्या संध्याकाळी मी रुख्मिणीजवळ बसले होते. भिंतीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि वरून पोळ्यांचं ताट दिसलं, ताट धरलेले दोन हात दिसले.

"रुख्मिणी वं, घे."

रुख्मिणी उठली. भिंतीशी गेली, पण तिनं ताट लगेच घेतलं नाही. पाळणा होता तिथे ती उभी राहिली.

"काकू, तो वास गेला वं आता."

"हो."

"तुमचे गहू वाचले ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता, संशय नव्हता. शेजारधर्म म्हणून विचारावं तसं तिनं विचारलं होतं.  त्या दोन हातांनी ताट भिंतीच्या कडेवर टेकवलं.

"वाचले," यमुताई म्हणाल्या.

रुख्मिणीनं दोन्ही हात वर करून ताट घेतलं. मग खाली बसून एक पोळी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मी ती खाल्ली.