आधी बांधी दाखव

"कोणी विश्वास नाई ठेवणार, पण केनियातल्या माणसाची तक्रार म्या या फाट्यावर बसून निकाली काढली!"

सिंदेवाहीच्या बसची वाट पाहणारे चौघे माझ्याकडे वळले. पाचवा इस्तारी. आमच्या गावच्या तलावात तो मासे धरतो. त्याने मान वर केली नाही. फाटलं जाळं सांधत राहिला.

माझी सून उर्वशी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. कोणत्या तलावात पाणी किती, हे मोबाईलवर दाखवणारं एक सॉफ्टवेअर ती आणि परमुलखातले दोघे मिळून सांभाळतात. सगळं फुकट. आतली मांडणी उघडी. कोणीही पाहावी, कोणीही दुरुस्त करावी. दुरुस्तीला कोणी फिरकत नाही, तक्रारीला अख्खं जग येतं. रोज सकाळी तीस-चाळीस. एकेक वाचून उर्वशीने निवडायची: खरा बिघाड कोणता, आधी येऊन गेलेला कोणता, अर्धवट तक्रार कोणती.

"मामाजी, हा पाहा. नुसतं लिवलं, 'चालत नाई.'"

"काय चालत नाई? मोटर का बैल?"

"अन् हा केनियातला म्हणते, तीन दिवस झाले, झोपल्या का?"

चहा रोज तसाच गार व्हायचा. एका सकाळी तिने लॅपटॉप मिटला आणि न्हाणीत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला. तेव्हा मी कारभार हाती घेतला.

चौदा वर्षं मी तलावाचं पाणी वाटलं आहे. धानाच्या बांधीला, म्हणजे वावराच्या तुकड्याला, पाणी पोचलं नाही म्हणून कोणी बोंबलत आला की माझं एकच: "आधी बांधी दाखव." बांधी कोरडी दिसली तर पाणी, नाही तर चालता हो. तोच नियम मी इथे लावला. मोबाईल कोणता, काय दाबलं, काय दिसलं, हे लिहिलं नसेल तर तक्रार अर्धवटच्या ढिगात. महिन्यात खुलासा नाही आला की आपोआप बंद. गावातही बजावलं, घरी येऊन तोंडी सांगायचं नाही, लिहायचं. दीड महिन्यात चारशेचा ढीग साफ!

"मंग एक दिवस आपल्याच तलावाची तक्रार आली," मी आवाज खाली आणला. "'तलाव खोटं दाखवते.' तीनच शब्द! पण मी ओळखलं, याच्यात दम आहे. तसाच अनवाणी पळालो. मोबाईलवर पाणी सांडव्याच्या दोन हात खाली, अन् इथी सांडव्यावरून धो धो वाहून राह्यलं! नुकतीच सोडलेली माशांची पिल्लं, चाळीस हजार! म्या धोतर सोडलं अन् सांडव्यावर आडवं बांधलं. एक पिल्लू जाऊ देलं नाई!"

"मंग घरी कसे गेले?" एका बाईने पदर तोंडाला लावला.

"म्हाताऱ्याकडे पाहते कोण?"

सगळे हसले. इस्तारीने दोरा दातांनी तोडला.

"नानाजीभाऊ, ते मीच लिवलो होतो. आधी घरी आलो, तं तुमी फाटकातूनच मले परत धाडलं. लिवलं, तं महिन्यानं मोबाईलवर आलं, तक्रार बंद. मले वाटलं, नानाजीभाऊनं बंद केली मनजे दुरुस्त झालीच असन. मोबाईलवर पाणी खालीच दिसे, मनून सांडव्याले जाळं नाई बांधलं."

बाईने तोंडावरचा पदर खाली घेतला.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी माझी सारी पिल्लं वाहून गेली. तुमचं धोतर तं अंगणात वाळून राह्यलं होतं." त्याने जाळं खांद्यावर टाकलं. "चला. तलाव दाखवतो."