खरा असेल तेव्हा

"गॅस बंद कर," भोंगेसाहेब म्हणाले आणि त्यांनी पायात चपला सरकवल्या.

बायकोने हातातलं उलथनं तसंच धरून दुसऱ्या हाताने बटण फिरवलं. कढईतली भाजी अर्धीकच्चीच राहिली. त्या घरातल्या भाज्यांना आता त्याची सवय झाली होती. आतल्या खोलीतून म्हातारी आई भिंत धरत धरत सगळ्यांच्या आधी दाराशी पोचली होती. तिला कित्येक वर्षं समोरच्याचं बोलणंही धड ऐकू येत नव्हतं. पण घरातल्यांनी चपला घातल्या की तीच आधी कपाळाला आठ्या घालायची. "केवढ्याने कोकलतोय मेला," ती म्हणाली.

तिघंही फाटकाबाहेर पडून रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाखाली जाऊन उभी राहिली. रविवारची सकाळ होती. समोरच्या घरातले निवृत्त गृहस्थ गाडी पुसत होते. त्यांनी फडकं हलवून नमस्कार केला. उलथनं घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे न बघण्याइतके ते सभ्य होते, आणि पुरतं बघून झाल्यावर मान फिरवण्याइतके शेजारीही होते.

भोंगेसाहेब मान तिरकी करून ऐकत राहिले. मग त्यांच्या खांद्यांवरचा ताण हळूहळू उतरला.

"थांबला," ते म्हणाले.

"सुटलो," आई म्हणाली. "डोकं उठलं होतं."

बायकोने आत जाऊन पुन्हा गॅस पेटवला. भोंगा वाजलाच नव्हता, हे तिला ठाऊक होतं. आत जाऊन पाणी प्यायल्यावर भोंगेसाहेबांनाही ते ठाऊक असायचं. त्या आठवड्यातली ही तिसरी खेप होती.

भोंगे हे त्यांचं आडनाव नव्हे. पण विद्यापीठात एवढी वर्षं हेच नाव चाललं होतं, की लग्नाच्या पत्रिकाही याच नावाने यायच्या आणि पोस्टमनही त्या बिनचूक आणून द्यायचा. ते सुरक्षा व आरोग्य कक्षात होते. कक्ष म्हणजे दोन जिन्यांच्या मधली एक खोली, एक टेबल, भोंगेसाहेब, आणि एक मोठे साहेब, जे कायम मीटिंगला गेलेले असत. ज्या ज्या गोष्टीने माणूस मरू शकतो, ती ती गोष्ट साऱ्या आवाराला आधी सांगून ठेवायची, हे या कक्षाचं काम. वसतिगृहाच्या टाकीतले पाणी उकळून प्यावे. फरशी ओली आहे. जिन्याखालची वायर उघडी आहे. आवारातली सगळी माणसं शिकलेली किंवा शिकत असलेली होती, त्यामुळे वाचायचा कंटाळा सगळ्यांना सारखाच होता. एकदा त्यांनी ग्रंथालयाबाहेर 'मधमाश्यांना डिवचू नये' अशी सूचना लावली. खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'त्यांनी आम्हाला डिवचल्यास?' भोंगेसाहेबांनी चष्मा लावून त्याखाली लिहिलं, 'कक्षास कळवावे.'

पण त्यांचं खरं काम भोंग्याचं. दर बुधवारी सकाळी अकरा वाजता भोंग्याची चाचणी असायची. आदल्या दिवशी सगळ्या फलकांवर लागायचं, 'उद्या चाचणी आहे, घाबरू नये.' आजवर या एकाच सूचनेचं सर्वांनी तंतोतंत पालन केलं होतं. कुणी घाबरत नसे. भोंगा झाला की लोक घड्याळं लावत, कँटीनवाला चहाचं आधण ठेवत असे, आणि ज्यांचा तास लांबला असेल ते प्राध्यापक आनंदाने खडू खाली ठेवत. लांडगा आला रे म्हणणाऱ्या त्या गोष्टीतला पोरगा निदान खोटं बोलायचा. भोंगेसाहेब दर आठवड्याला अगदी खरं सांगत, की हे खोटं आहे.

नियमाप्रमाणे भोंगा ऐकून बाहेर पडणारं माणूस साऱ्या विद्यापीठात एकच होतं. रसायनशास्त्राच्या इमारतीत तळघरात स्टोअर होतं, त्या स्टोअरच्या बाई. बरण्या, बाटल्या, काचेच्या नळ्या हा त्यांचा संसार, आणि शेजारच्या खोलीत गार वायूच्या उंच टाक्या. भोंगा झाला की बाई कपाटाला कुलूप लावत, पर्स खांद्याला अडकवत, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत जिना चढत आणि मैदानाच्या कडेला 'आपत्तीत येथे जमावे' अशी पाटी होती तिथे, झाडाखाली एकट्याच जमत. वरच्या खिडक्यांतून प्राध्यापक मंडळी कपबशा घेऊन बघत. "बाई निघाल्या, म्हणजे अकरा वाजले," असं एक जण म्हणायचा, तर दुसरा खाली ओरडून सांगायचा, "बाई, आमचीही हजेरी लावा." बाई हसून हात हलवायच्या आणि भोंगा थांबेपर्यंत उभ्या राहायच्या.

भोंगेसाहेबांना ते बघवेना. बाईंचं बरोबर होतं, हे सगळ्या आवारात त्यांनाच काय ते पटलेलं. पण एकट्या माणसाचं बरोबर असणं फार केविलवाणं दिसतं. एका थंडीत बाईंचे गुडघे फारच धरले. दर दोन पायऱ्यांवर थांबून त्या श्वास घेताना दिसल्या, तेव्हा भोंगेसाहेब त्यांना हात द्यायला खाली गेले.

"ताई, कशाला हाडं झिजवता? बसून राहत जा खाली. खरा असेल तेव्हा मी स्वतः येईन बोलवायला."

"नक्की ना? नाहीतर विसराल तुमच्या गडबडीत."

"भोंगा विसरेल एखाद वेळी. मी नाही विसरायचा."

बाईंना बरं वाटलं. भोंगेसाहेबांना तर त्याहून बरं वाटलं. पुढच्या बुधवारी झाडाखाली कुणी नव्हतं.

मग तो बुधवार आला. भोंगेसाहेब बटणावर बोट ठेवून घड्याळाच्या काट्याकडे बघत होते, आणि बोट दाबायच्या आतच भोंगा सुरू झाला. चाचणीचं दुसरं बटण फाटकावर होतं आणि तिथल्या रखवालदाराला ते दाबायची भारी हौस होती. त्याने आपल्या आधी दाबलं, म्हणजे आपलंच घड्याळ मागे पडलं, असा भोंगेसाहेबांनी हिशेब केला. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाचा काटा जरासा पुढे सरकवला. मग चहा ओतून घेतला. कप रिकामा झाला तरी भोंगा वाजतच होता.

तळघरात स्टोअरशेजारच्या खोलीतल्या टाकीची नळी सुटली होती. त्या वायूला रंग नव्हता, वास नव्हता. तो नुसता हवेला उठवून तिच्या जागेवर बसत गेला. वर एका संशोधक मुलीला टाकीचा काटा खाली पडताना दिसला. जिन्यात आणीबाणीसाठी बसवलेलं बटण दाबून ती खोल्याखोल्यांतून ओरडत गेली. तिला सगळ्यांनी शांतपणे समजावलं की आज बुधवार आहे.

भोंगेसाहेब तळघराच्या जिन्यापर्यंत पोचले तेव्हा तोंडाला प्राणवायूची नळकांडी लावलेली माणसं त्यांच्या आधी आत गेली होती. बाई खुर्चीत होत्या. कपाटाला कुलूप होतं. चष्मा घडी करून पर्समध्ये ठेवलेला, पर्स मांडीवर, चपलांचे बंद लावलेले. कुणी बोलवायला येणार आहे, आले की लगेच निघायचं, अशा तयारीने त्या बसल्या होत्या.

चौकशी झाली. भोंगा वेळेवर वाजला, सर्व इमारतींत स्पष्ट ऐकू आला, यंत्रणा समाधानकारक आहे, असं ठरलं. असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून विद्यापीठाने एक कडक पाऊल उचललं. चाचणी बुधवारऐवजी गुरुवारी ठेवली. पहिले काही गुरुवार सगळे बाहेर आले. उन्हात उभं राहून एकमेकांना पगारवाढीबद्दल विचारलं. पुढे थंडी पडली, मग परीक्षा आल्या. न सांगता भोंगा वाजवू या, असं भोंगेसाहेबांनी सुचवून पाहिलं, तर मोठे साहेब म्हणाले, "लोकांना धक्का बसेल हो. सुरक्षेच्या नावाखाली धक्के देणं बरं नव्हे."

बाईंशी जिन्यावरचं ते बोलणं दोघांतच झालं होतं. त्यातलं एक माणूस गेलं. दुसऱ्याला कुणी विचारलं नाही, आणि महिन्याभरात त्याला घरी भोंगा ऐकू येऊ लागला.

बाईंच्या जागी बाईंच्या मुलीला घेतलं होतं. तीच खुर्ची, तीच कुलपं, आणि पर्ससुद्धा तीच. पोरगी कामाला चोख होती. सगळ्या बरण्यांना तिने नव्या चिठ्ठ्या लावल्या. आता भोंगेसाहेब बटण रखवालदारावर सोपवून (त्याच्या आयुष्याचं सोनं झालं) दर गुरुवारी स्वतःच झाडाखाली जाऊन उभे राहत आणि तळघराच्या दाराकडे बघत. पोरगी काही बाहेर येत नसे. त्यांनी तिच्या दाराला सूचना लावली. मोठ्या अक्षरात दुसरी लावली. शेवटी एका गुरुवारी ते धीर करून खाली उतरले. भोंगा नुकताच थांबला होता.

"तू बाहेर का येत नाहीस गं?"

मुलगी चिठ्ठीला डिंक लावत होती. तिने मान वर करून हसून पाहिलं. हसणं आईचंच होतं.

"अहो काका, चाचणीला कशाला? आई घरी सांगायची ना, खरा असला की भोंगेसाहेब स्वतः येतात बोलवायला. म्हणून मी निर्धास्त असते."

भोंगेसाहेबांनी डिंकाच्या बाटलीकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "डिंक जपून. झाकण लावून ठेवत जा." आणि वर आले.

त्या दिवसापासून घरचा भोंगा आठवड्याला तीनदा वाजू लागला होता.

रविवारची ती भाजी एकदाची शिजली. जेवणं झाली, आई पडली. बायको ओट्यावर फडकं फिरवत होती. भोंगेसाहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुला ऐकू येतो का गं?"

"काय?"

"भोंगा."

"छे."

"कधीच नाही?"

"अहो, वाजतच नाही तर ऐकू काय येणार? माझे कान काय आईंसारखे तिखट आहेत?"

"मग दर वेळी येतेस कशाला बाहेर? लोक हसतात."

बायकोने फडकं पिळलं. फार विचार करण्यासारखा प्रश्न आहे असं तिला वाटलेलं दिसलं नाही.

"तुम्ही बोलवायला येता ना," ती म्हणाली. "भोंग्याचं काय मेलं."

मग तिने त्यांना बाजूला सरकायला सांगितलं, तिला केर काढायचा होता.

गुरुवारी ते झाडाखाली गेले नाहीत. रखवालदाराला खूण करून ते रसायनशास्त्राच्या इमारतीत शिरले. जिन्यावर असतानाच भोंगा सुरू झाला. ते उतरत राहिले. टाक्यांच्या खोलीवरून जाताना त्यांनी नकळत श्वास रोखून धरला. स्टोअरचं दार उघडं होतं.

मुलगी बाटल्या पुसत होती. तिने त्यांना बघितलं आणि हातातलं फडकं हातातच राहिलं.

"खरा आहे," भोंगेसाहेब म्हणाले. "चल."

आदल्या दिवशीची सूचना त्यांनीच लावली होती. 'उद्या चाचणी आहे, घाबरू नये.' तिच्याच दारावर ती चिकटलेली होती, आणि दोघांनाही दिसत होती. इतक्या वर्षांत भोंगेसाहेबांनी विद्यापीठाला सांगितलेली ही पहिली खोटी गोष्ट. मुलगी क्षणभर त्या कागदाकडे आणि क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने कपाटाला कुलूप लावलं, पर्स उचलली आणि त्यांच्या पुढे जिना चढू लागली.

दोघंही झाडाखाली, पाटीशी येऊन उभी राहिली. वर खिडक्यांत कपबशा आल्या होत्या.

"अरे वा, आता दोन झाले," कुणीतरी वरून म्हणालं. "प्रगती आहे."

"साहेब, आमचीही हजेरी लावा."

भोंगेसाहेबांनी वर पाहिलं नाही. मुलगी पाटीवरची अक्षरं वाचत होती. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "काका, चाचणीच आहे ना हो?"

"मी आलो होतो ना बोलवायला?"

"आलात."

"मग झालं तर."

पुढच्या गुरुवारीही याल का, एवढंच तिने विचारलं. भोंगेसाहेबांनी मान हलवली. दर गुरुवारी, असं ते म्हणाले.

भोंगा खाली उतरत उतरत थांबला. खिडक्या रिकाम्या झाल्या. कँटीनकडून कपांचा आवाज येऊ लागला, कुठल्याशा वर्गात पुन्हा तास सुरू झाला. मुलगी पर्स सावरत इमारतीकडे निघाली. चार पावलं गेल्यावर तिला आपल्यामागे कुणी येत नसल्याचं जाणवलं. तिने वळून पाहिलं.

भोंगेसाहेब पाटीपाशीच होते. मान तिरकी करून ते ऐकत होते.

मुलगी परत आली. त्यांच्या शेजारी, पाटीपाशी उभी राहिली. पर्सचा बंद दोन्ही हातांत धरून तिनेही समोर तळघराच्या दाराकडे पाहिलं.

"थांबला की सांगा," ती म्हणाली.