उलटा बाण

मिस्त्रींनी व्हॉल्व्ह त्यावरच्या बाणाचं टोक खाली येईल असा उभा धरून वरून मगभर पाणी ओतलं. आतली, एकाच दिशेने उघडणारी झडप अलगद उघडली आणि पाणी खालच्या बादलीत पडलं, तेव्हा कुठे त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. तरी कारखान्यात आलं की पॅकिंगच्या टेबलापाशी एक तरी व्हॉल्व्ह असा पाहिल्यावाचून त्यांना पुढे जाववत नसे. मोठ्या दाबाची चाचणी आधीच झालेली असायची. पण हा शेवटचा मग चाळीस वर्षांत कधी टळला नव्हता.

"काका, आता बसा," मालकांची मुलगी म्हणाली. "नाहीतर हजेरी लावावी लागेल."

"लाव की. लेटमार्क तेवढा टाकू नकोस."

तिच्या हातात कंपनीचा इतिहास होता. वडील तो अर्धाच लिहून गेले होते. उरलेला तिने पुरा केला होता. उद्या छापायला द्यायचा होता. ती वाचू लागली. पत्र्याची शेड, एकुलतं एक लेथ, पहिली भट्टी. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. मधूनच त्यांची बोटं गुडघ्यावर एखादा गोल आकार चाचपत होती.

मग ते पान आलं. पहिल्या अठ्ठावीस व्हॉल्व्हवर प्रवाहाचा बाण उलटा पडला होता. गिऱ्हाइकाने बाण पाहून ते बसवले, आणि पाणी जागीच अडलं. 'नकाशात बाण मीच उलटा काढला,' असं वडिलांनी लिहिलं होतं. 'तेव्हापासून प्रत्येक व्हॉल्व्हमधून मगभर पाणी.' खाली तिने स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं: ओतकामाचे लाकडी पॅटर्न घडवणाऱ्या मिस्त्रींचा हात मात्र कधीच चुकला नाही.

मिस्त्रींनी डोळे उघडले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी घडी केलेला, पिवळा पडलेला कागद काढला.

"हा तो नकाशा."

घड्यांवर कागद विरला होता. बाण मात्र ठळक होता, आणि सुलट.

"पॅटर्न बाकावर उलटा फिरला होता. मी न बघता तसाच बाण चिकटवला. त्या पॅटर्नच्या साच्यात ओतलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हवर तो तसाच उमटला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, चूक माझी. मला वाटलं, त्यांना खरंच तसं वाटतंय. नकाशा माझ्याकडेच होता. दाखवायचा धीर झाला नाही. आणि त्यांनीही तो पुन्हा कधी मागितला नाही..."

त्यांनी नकाशा तिच्याकडे सरकवला. म्हणाले, "ते हाताचं वाक्य काढून टाक, पोरी. खोटं आहे."

फायलीतून तिने वडिलांच्या अक्षरातलं मूळ पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं. समासात फिकट पेन्सिलीने लिहिलं होतं: 'हे पान मिस्त्रींना वाचून दाखव. दुरुस्ती ते सांगतील.'

"मला वाटलं, शुद्धलेखनाबद्दल असेल."

"शुद्धलेखन, आणि मी?" मिस्त्री हसले. मग त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, रंधा मारल्यावर लाकडावरून फिरवावा तसा. "लबाड माणूस. तीस वर्षं रोज एका टेबलावर चहा प्यायलो."

त्यांनी तिची पेन्सिल मागून घेतली. 'नकाशात' खोडून वर 'पॅटर्नवर' लिहिलं, 'मीच' खोडून समासात 'मिस्त्रींनी', आणि तो शब्द जिथे बसवायचा तिथपर्यंत एक बाण काढला.

"दिशा बघून घे."

तिने कागद हातात घेतला, एकदा सरळ पाहिला, मग फिरवून पुन्हा पाहिला.